जळितांवरचं संशोधन: आधी कोणता प्रश्न?

भाजलेल्या जखमेवर काय लावावं, हा आपल्या शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रबंधविषय आहे. मध विरुद्ध सिल्व्हर सल्फाडायझिन, कोलॅजेनचा पापुद्रा विरुद्ध सिल्व्हर सल्फाडायझिन, वारेचं आवरण विरुद्ध पुन्हा तेच पांढरं मलम. साठेक रुग्ण, दोन गट, जखम किती दिवसांत भरली याचा तक्ता आणि 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असा शेवट. हे मलम १९६८पासून वापरात आहे. वरवर भाजलेल्या जखमा त्याने उशिरा भरतात, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत दिसून बरीच वर्षं झाली. तरी नव्या वस्तूला हरवायला सोपा प्रतिस्पर्धी म्हणून ते संशोधनात टिकून आहे.

मलमपट्टीवरचं सगळंच काम टाकाऊ, असं मुळीच नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातून १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीवरचा अहवाल आला. साली गॉजवर लावून, निर्जंतुक करून जखमेवर ठेवायच्या. जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केळीच्या पानाचा तसाच उपयोग तपासला गेला. पानाच्या मेणचट पृष्ठभागामुळे पट्टी काढताना होणारा जीवघेणा त्रास कमी होतो आणि खर्च नगण्य. सोलापुरात मधाची चाचणी १०४ रुग्णांवर झाली आणि १९९१ साली ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आली. वॉर्डात काय परवडतं इथून हे सगळे निघाले होते, म्हणून ते मोलाचे. पण बटाट्याची साल आणि केळीचं पान सरकारी खरेदीच्या यादीपर्यंत पोचले नाहीत, कारण ते विकणारा कुणी नव्हता. आणि मधाच्या जळितांवरच्या चाचण्यांचा मोठा वाटा एकाच केंद्रातून आल्यामुळे त्या निष्कर्षावर किती विसंबायचं, हा प्रश्न आढावा घेणाऱ्यांना पडत राहिला. चांगली कल्पना, एक केंद्र, पुढे कुणी हात लावला नाही, ही आपल्याकडच्या जळीत-संशोधनाची नेहमीची कुंडली आहे.

जळितांवरच्या संशोधनाचा अग्रक्रम रुग्ण हातचा कुठे जातो यावरून ठरावा, असं माझं म्हणणं आहे. आज तो मोजायला काय सोपं आहे आणि काय विकता येतं यावरून ठरतो. चाळीस टक्के भाजलेली बाई मलम चुकीचं निवडलं म्हणून दगावत नाही. वाटेत सलाइन लागलं नाही, मेलेली कातडी पंधरा दिवस अंगावरच राहिली आणि तिच्यात जंतू वाढले, रक्ताची पिशवी मिळाली नाही, या गोष्टींनी ती दगावते. वाचलीच, तर हनुवटी छातीला चिकटलेल्या अवस्थेत वर्षभराने परत येते.

रुग्ण हातचा जातो ती पहिली जागा घटनेची; तिथूनच सुरुवात करू. भाजल्यावर तीन तासांच्या आत, वीस मिनिटं, वाहतं थंड पाणी: प्रथमोपचाराचं हे सूत्र आता जगभर मान्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या अडीच हजारांच्या आसपास मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पूर्ण वीस मिनिटं पाणी मिळालेल्या मुलांना त्वचारोपणाची गरज बरीच कमी पडली होती. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय जळितांच्या वैद्यकात दुसरा नाही. मग इथे संशोधनाला काय उरलं? जवळजवळ सगळंच.

हिशोब करून पाहा. साधा नळ मिनिटाला सहा लिटर पाणी देतो असं धरलं तर वीस मिनिटांत १२० लिटर लागतात. जलजीवन मिशनचं उद्दिष्टच माणशी रोज ५५ लिटर आहे. जिथे नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे एका पोराच्या हातासाठी घरातल्या दोघांचं दिवसभराचं पाणी ओता, असा हा सल्ला आहे. लोक तो पाळत नाहीत. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाट्याचा कीस जे हाताशी असेल ते लावतात, आणि आपण त्याला अज्ञान म्हणून मोकळे होतो. खरे प्रश्न असे आहेत: तांब्याने मिनिटाला एक लिटर या गतीने ओतलं, म्हणजे एका बादलीत भागवलं, तर कातडीखालचं तापमान तितकंच उतरतं का? खाली घमेल्यात जमलेलं पाणी पुन्हा ओतलं तर चालेल का, की त्याने जंतुसंसर्ग वाढतो? ओला फडका दर दोन मिनिटांनी बदलला तर काय होतं? मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तापलेलं असतं. प्रयोगांमध्ये साधारण १५ अंशांचं पाणी वापरलेलं असतं. मग माठातलं पाणी आधी वापरावं का? आणि उलट बाजूने, दोन वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं थंड पाण्याखाली धरल्यावर ते गारठून जाऊ नये म्हणून जखम थंड आणि उरलेलं अंग गरम कसं ठेवायचं, हे आशाताईला चित्रात कसं दाखवायचं?

यातल्या निम्म्या प्रश्नांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तापमापक तारा, प्राण्याच्या कातडीचे तुकडे, बादल्या आणि एक नीट आखलेला प्रयोग पुरतो. तरी हे कुणी करत नाही, कारण 'प्रथमोपचार: उत्तर मिळालेलं आहे' अशी त्याच्यापुढे खूण झालेली असते. दुसऱ्या देशात मिळालेलं उत्तर आपल्या पाणीपुरवठ्यात बसतं का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याला यादीत वरची जागा हवी.

पाण्यानंतर सलाइन. पार्कलंड सूत्र सगळ्यांना पाठ असतं: वजन गुणिले भाजलेली टक्केवारी गुणिले चार, इतके मिलिलिटर पहिल्या चोवीस तासांत, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. पन्नास किलोची, चाळीस टक्के भाजलेली बाई म्हणजे आठ लिटर. घड्याळ भाजल्या क्षणापासून चालू होतं, दाखल केल्यापासून नव्हे, आणि हे वाटेतले पाच तास खाऊन टाकतं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज असा प्रवास करून ती पोचते तेव्हा पहिल्या आठ तासांतले चार लिटर तीन तासांत चढवायचे का? चढवले तर फुप्फुसात पाणी, न चढवले तर मूत्रपिंड बंद. या कोंडीवर सूत्र काही बोलत नाही. वर टक्केवारीचा अंदाजही चुकतो. रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का, हे माहीत असूनही नुसत्या लाल झालेल्या कातडीची गणना होते आणि आकडा फुगतो. सलाइनही त्या प्रमाणात फुगतं.

म्हणून माझ्या यादीत फार वर असलेला प्रश्न तोंडाने देण्याच्या पाण्याचा आहे. शुद्धीवर असलेल्या, उलटी न होणाऱ्या, पंधरा ते चाळीस टक्के भाजलेल्या प्रौढाला वाटेतच जलसंजीवनी सुरू करता येते का? मोठ्या दुर्घटनांत, जिथे सलाइन पुरत नाही, तिथे तोंडावाटे द्रव देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने केलेली आहे. आपल्याकडे दूरच्या तालुक्यातला रोजचा एकेक रुग्ण त्याच परिस्थितीत असतो, फक्त बातमी होत नाही. अडचणी खऱ्या आहेत. आपल्या जलसंजीवनीत लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं, रक्तात त्याच्या जवळपास दुप्पट. लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मोठ्या जळितात आतडं मंदावतं, मग पोट फुगतं, उलटी होते, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून एकदम ग्लासभर की दर दहा मिनिटांनी शंभर मिलिलिटर, मीठ वाढवून की न वाढवता, कोणत्या टक्केवारीपर्यंत, हे चाचणीनेच ठरेल. यशाचं मोजमापही साधं आहे: कॅथेटरच्या पिशवीत तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पंचवीस मिलिलिटर. ही चाचणी १०८ रुग्णवाहिकेत होऊ शकते. पण रुग्णवाहिका एका खात्याची, वॉर्ड दुसऱ्या खात्याचा, आणि प्रबंध लिहिणारा निवासी डॉक्टर वॉर्डाबाहेर पडत नाही.

दुसरी जागा म्हणजे दुसरा आठवडा. खोल भाजलेली मेलेली कातडी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पातळ थरांनी तासून लगेच त्वचारोपण करावं, हे युगोस्लाव्हियातल्या मारिबोर शहरात झोरा यान्झेकोविच यांनी १९६०च्या दशकात करून दाखवलं आणि १९७० साली सविस्तर मांडलं. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या बहुतेक सरकारी वॉर्डांत अजून खपली आपोआप सुटण्याची वाट पाहिली जाते. ती सुटते जंतूंमुळेच. स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर. मग कार्बापेनेम हे भारी प्रतिजैविक, मग शेवटचा पर्याय कोलिस्टिन, मग काहीच उरत नाही. लवकर तासणं चांगलं की वाईट, यावर आणखी एक तुलना करण्यात अर्थ नाही. ते का होत नाही, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शल्यचिकित्सकाच्या आळसात शोधणं अन्याय्य ठरेल.

होत नाही कारण तासताना भळाभळा रक्त जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे जळिताच्या वॉर्डात येणारी बाई भाजण्याआधीच रक्तक्षयी, कधी आठ-नऊ हिमोग्लोबिनवरही, असण्याची शक्यता मोठी. त्यात जिल्ह्याच्या रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी. जळीत रुग्णांना रक्त मोजूनमापून दिलं तर चालतं का, यावर प्रामुख्याने अमेरिकेत झालेली ३४५ रुग्णांची बहुकेंद्री चाचणी २०१७ साली आली. सात-आठ हिमोग्लोबिनला रक्त देणं आणि दहा-अकरा राखणं यांत फरक दिसला नाही. आपल्यासाठी हे उपयोगी आहेच, पण आपला प्रश्न त्याच्या एक पायरी खाली आहे: सुरुवातच आठवर असलेल्या, प्रथिनं कमी खाल्लेल्या शरीरात एका बैठकीत किती टक्के तासणं सुरक्षित? पाच, दहा, की पंधरा? हातापायाला टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा, बांधून, अॅड्रेनालिन मिसळलेलं सलाइन कातडीखाली भरून, वर ट्रानेक्झॅमिक अॅसिड देऊन रक्तस्राव किती घटतो? ट्रानेक्झॅमिक अॅसिडचं उदाहरण मुद्दाम घेतो. अपघातातल्या रक्तस्रावावर या स्वस्त, जुन्या औषधाचा उपयोग होतो हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने ठरवलं. तिच्यात ४० देशांमधली २७४ रुग्णालयं होती आणि भारतातलीही होती. आपल्या रुग्णालयांना मोठ्या चाचण्या जमत नाहीत, हा समज त्यामुळे टिकत नाही. जळितांसाठी तसा प्रश्न कुणी घेऊन आलं नाही, इतकंच.

तासल्यावर झाकायला कातडी हवी. चाळीस टक्के भाजलेल्या रुग्णाची स्वतःची कातडी एका वेळी पुरत नाही. मृतदात्याची कातडी तात्पुरती लावून दोन-तीन आठवडे मिळवता येतात. त्वचादानाला रक्तगट जुळावा लागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांत मांड्या, पाय आणि पाठीवरून अगदी पातळ थर घेतला जातो. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, चार ते आठ अंशांवर ती पाच वर्षांपर्यंत टिकते. सायनच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी उभी राहिली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, इतरही काही शहरांत आहेत. पण ही कातडी शहरातच गोळा होते आणि बरीचशी शहरातच वापरली जाते. ग्लिसरॉलमधली कातडी सिव्हिलच्या साध्या फ्रिजमध्ये ठेवून, जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकाला लावायला शिकवून, मेडिकल कॉलेजला पाठवण्याआधीच वापरता येईल का? हा पुरवठ्याचा प्रश्न वाटतो, पण याच्याइतका मृत्युदर हलवू शकणारा 'वैज्ञानिक' प्रश्न मला दिसत नाही.

आता मोजणीबद्दल, कारण अग्रक्रम ठरवायला बसलेल्या कुठल्याही समितीपुढे पहिला कागद आकड्यांचा येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर भाजतात. राष्ट्रीय जळीत-प्रतिबंध कार्यक्रमाच्या कागदांत सत्तर लाख जळितं आणि एक लाख चाळीस हजार मृत्यू असा अंदाज आहे, तो दिल्लीतल्या तीन सरकारी रुग्णालयांच्या नोंदी देशभर ताणून काढलेला. २००९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणाने २००१ या एका वर्षात आगीने झालेले मृत्यू १ लाख ६३ हजार धरले. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यातले १ लाख ६ हजार स्त्रियांचे, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. त्यानंतर घरांतून रॉकेलचा स्टो मागे पडला, २०१६पासून उज्ज्वला योजनेचे गॅस आले, नायलॉनऐवजी दुसरी कापडं आली, स्लॅबवरून जाणाऱ्या उच्चदाब तारांना चिकटलेले गवंडीकामातले तरुण वॉर्डात दिसू लागले. आज कोण, कशाने भाजतं याचं खात्रीचं चित्र आपल्यापाशी नाही, आणि धोरण वीस-पंचवीस वर्षं जुन्या आकड्यांवर चाललं आहे.

नोंद चुकते तिची कारणं वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. पहिलं म्हणजे 'डामा'. सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण कागदावर जिवंत सुटतो आणि दोन दिवसांनी घरीच दगावतो. या रुग्णांचा गावात पाठपुरावा न करता काढलेला कुठलाही मृत्युदर खोटा आहे, मग तो कितीही चांगल्या रुग्णालयाचा असो. दुसरं कारण जास्त अवघड. लग्नाला सात वर्षांच्या आत झालेल्या मृत्यूची चौकशी कायद्याने वेगळी होते, मृत्युपूर्व जबाब घेतला जातो, आणि कॉटशेजारी सासरची माणसं उभी असतात. 'स्टोचा भडका झाला' हे वाक्य केसपेपरवर येतं ते अशा परिस्थितीत. त्याच केसपेपरावरून संशोधक कारणांचा तक्ता करतो आणि 'अपघाती: नव्वद टक्के' असं लिहितो. यावर उपाय म्हणून संशोधनाची नोंद वेगळी, निनावी, आणि ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने न घेता समुपदेशकाने सावकाश घेतलेली असावी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं त्याला दोन तपं उलटली. अत्याचारग्रस्त स्त्रीशी रुग्णालयात बोलायचं कसं, याचा अनुभव मुंबईत तयार आहे. न्यायालयाने ती निनावी नोंद मागवली तर काय, हा प्रश्न मात्र कायदेतज्ज्ञांसोबत बसून आधी सोडवावा लागेल. तो टाळून उभारलेली नोंदवही बायकांच्याच अंगावर येऊ शकते.

तिसरी जागा घरी गेल्यानंतरची. ज्या स्थितीत आराम वाटतो तीच स्थिती सांधा आखडवते. मान भाजलेल्याला उशी हवी असते आणि उशीनेच मान चिकटते. काखेत नव्वद अंशांवर हात ठेवायचा, बोटं स्प्लिंटमध्ये, म्हणजे सरळ धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीत, मान मागे. हे सहा महिने कोण करून घेणार? जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट एखाद-दुसरा, आणि रुग्ण ऐंशी किलोमीटरवर. वाढणाऱ्या व्रणावर दाबाचे कपडे दिवसाचे तेवीस तास, वर्षभर किंवा जास्त घालायचे, असं पाठ्यपुस्तक सांगतं. त्यामागचा पुरावा मुळातच लंगडा आहे. ब्रिटनमध्ये त्याची मोठी चाचणी करता येईल का हे तपासण्यापासून सुरुवात करावी लागली. चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पंखा नसलेल्या घरात ते कपडे चार दिवसांत खुंटीवर जातात. तर मग रात्रीचे आठ तासच घातले तर किती फायदा उरतो, सुती अस्तर लावून दाब टिकतो का, पीव्हीसीचा पाइप गरम करून केलेला स्प्लिंट आयात प्लास्टिकच्या स्प्लिंटइतकाच टिकतो का, असे प्रश्न हवेत. खाजेवर कुणी बोलत नाही. रुग्णांना विचारा, झोप कशाने उडते ते.

मोजपट्ट्याही उसन्या आहेत. जळितानंतरचं जीवनमान मोजायला जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत हाताच्या कामासाठी सही करणं, काट्या-चमच्याने जेवणं, बुटाची नाडी बांधणं, सपाट जागेवरची नाणी उचलणं, कुलूप उघडणं असे प्रश्न आहेत. उजवा तळवा आखडलेल्या बाईला भाकरी थापता येते का, हाताने भात कालवता येतो का, मोरीत उकिडवं बसता येतं का, डोक्यावर हंडा घेता येतो का, मूल कडेवर घेता येतं का, हे कुठे मोजलं जाणार? जे मोजलं जात नाही त्यावरचा उपचार कधीच सरस ठरत नाही.

इथे विचारायचं कुणाला, हा मुद्दा येतो. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या जेम्स लिंड अलायन्सची पद्धत अशी की रुग्ण, नातेवाईक आणि उपचार करणारे यांना अनुत्तरित प्रश्न विचारायचे, आधीच्या पुराव्याशी ते ताडून पाहायचे, मग मतांनी चाळून शेवटच्या बैठकीत पहिले दहा ठरवायचे. ब्रिस्टलच्या संशोधकांच्या पुढाकाराने जळितांसाठी जागतिक पातळीवर अशी प्रक्रिया अलीकडेच झाली. ती स्वागतार्ह आहे, पण जागतिक यादी आपल्या यादीची जागा घेऊ शकत नाही. इंटरनेटवरचा अर्ज भरणारा रुग्ण आणि आपल्या वॉर्डातली कमी शिकलेली, फोन नवऱ्याच्या ताब्यात असलेली रुग्ण यांत फार अंतर आहे. जाता जाता, ज्या जेम्स लिंडच्या नावाने ही संस्था आहे त्याने १७४७ साली स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सक्तीचा केला १७९५ साली. माहीत असणं आणि वापरात येणं यांतली ही अठ्ठेचाळीस वर्षं हाच जळितांचाही मुख्य प्रश्न आहे.

या पद्धतीत एक मोठी खोटही आहे. मेलेले मत देत नाहीत. वाचलेल्यांना विचारलं की व्रण, खाज, लग्न, नोकरी वर येतात, आणि ते योग्यच आहे. साठ टक्के भाजून पाचव्या दिवशी गेलेलीचा प्रश्न मात्र यादीत येत नाही. म्हणून मृतांच्या नातेवाइकांना वेगळं विचारावं, आणि प्रत्येक मृत्यूच्या पहिल्या बाहत्तर तासांचं परीक्षण हेसुद्धा एक 'मत' म्हणून मोजावं. बायकांच्या बैठका नवरा-सासूशिवाय, ओपीडीच्याच दिवशी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी देऊन घ्याव्यात. 'संशोधनाचे विषय सुचवा' असं विचारलं तर कुणी बोलणार नाही. 'घरी गेल्यावर सगळ्यात जास्त कशाने अडलं?' असं विचारावं. मत घ्यायला चित्रं मांडून प्रत्येकीला दहा चिंचोके द्यावेत. ड्रेसर, परिचारिका, १०८वरचे डॉक्टर यांच्या याद्या वेगळ्या करून तशाच छापाव्यात. सगळ्यांची सरासरी काढली की मोठ्या आवाजाची माणसं जिंकतात.

'प्रतिबंधावर पैसा घाला, उपचारावर कशाला?' असा आक्षेप नेहमी येतो. घालावाच. पण उच्चदाब तार सरकवण्याचा खर्च वीज कंपनीचा आहे, तो जळीत वॉर्डाच्या तुटपुंज्या संशोधननिधीतून वजा करण्याचं कारण नाही.

आता हे करायचं कुणी. एखाद्या उपायाने मृत्यू चाळीसवरून तीस टक्क्यांवर येतात, हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर दाखवायला प्रत्येक गटात साधारण ३५६ रुग्ण लागतात, म्हणजे एकूण सातशेच्या वर. वर्षाला शंभर गंभीर रुग्ण असलेल्या एका वॉर्डाला त्यासाठी सात वर्षं हवीत आणि निवासी डॉक्टरपाशी तीन असतात. म्हणून साठ रुग्णांचा प्रबंध अशा प्रश्नाला हात घालूच शकत नाही. तो जखम भरण्याचे दिवस मोजतो. पण राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. सात महाविद्यालयांतल्या सात विद्यार्थ्यांना एकच प्रश्न, एकच पानभर नमुना, एकच नैतिक मंजुरीचा आराखडा आणि चाचणीची एकच नोंदणी दिली तर रुग्ण एका वर्षात भरतात आणि उरलेल्या मुदतीत सहा महिन्यांचा पाठपुरावाही होतो. प्रत्येकाने आपल्या केंद्राचं विश्लेषण प्रबंध म्हणून द्यावं, एकत्रित निकाल विद्यापीठाने छापावा. अडचण श्रेयाची येईल: पहिलं नाव कुणाचं? त्यावर आधीच लेखी करार हवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी दोन केंद्रं नमुने भरणं थांबवतात.

अग्रक्रमांच्या यादीत एक रकाना बंद करण्याच्या गोष्टींचाही असावा. ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची भुकटी भाजलेल्याला द्यावी की नाही, यावर बाराशे रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ साली आली आणि फायदा दिसला नाही. चाळीस टक्के भाजलेल्या पन्नास किलोच्या रुग्णाला करेरीच्या सूत्राने रोज २८५० कॅलरी लागतात. भुकटीच्या डब्याचे पैसे अंडी, दूध आणि शेंगदाण्यांकडे वळवले तर वॉर्डाचं काही बिघडत नाही. तसंच पहिल्या दिवसापासून, संसर्गाची खूण नसताना शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविकं. जळितांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेने, साधनं कमी असलेल्या देशांना डोळ्यांसमोर ठेवून, ती टाळायला सांगितलं आहे. तरी ती चालू राहतात, कारण ती थांबवून रुग्ण दगावला तर जबाबदारी डॉक्टरवर येते आणि चालू ठेवून दगावला तर जंतूवर. आपल्या गर्दीच्या, एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जंतू जाणाऱ्या वॉर्डांत ती थांबवल्यावर नेमकं काय होतं, याची चाचणी सात महाविद्यालयांनी मिळून हाती घेतली तर तिच्या निकालाचा कागद निवासी डॉक्टरला रात्रीच्या ड्युटीवर दाखवता येईल.